घड्याळ म्हणतं ‘शांत व्हा’, पण व्हायचं कसं?

सकाळची फास्ट लोकल. एक पाय दारात, दुसरा कुणाच्या तरी बॅगेवर, आणि मनगटावरचं घड्याळ थरथरलं : ‘ताण वाढलेला दिसतोय. एक मिनिट श्वासाकडे लक्ष द्या.’ शेजारच्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “त्याला म्हणावं, आधी बसायला जागा दे.” आजूबाजूच्या चारजणी हसल्या. खरं सांगायचं तर माझा ताण त्या हसण्यानेच उतरला, घड्याळाने नाही.

हा सल्ला आता सगळीकडून येतो. डॉक्टर देतात, ऑफिसचा एचआर देतो, मावशी देते. २१ जूनचा योगदिन २०१५पासून साजरा होतोच आहे. २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवसही ठरवून टाकला. पण ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणजे नेमकं काय करू नको? जणू टेन्शन बाजारात मिळतं आणि आपणच पिशवी घेऊन गेलो होतो.

या लेखात एवढंच उलगडून बघायचं आहे की ध्यान, शवासन, योगनिद्रा यांनी शरीरात काय होतं, किती फरक पडतो आणि कुठे पडत नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. मनाला ‘शांत हो’ असा हुकूम सोडून ते शांत होत नाही. तो निरोप शरीरामार्फत पाठवावा लागतो, आणि असे निरोप पाठवण्याच्या या जुन्या, तपासलेल्या पद्धती आहेत. त्यांना चमत्कार समजू नये आणि थोतांडही समजू नये.

घड्याळाला कळतं तरी काय?

घड्याळाच्या पोटातून एक हिरवा उजेड कातडीवर पडत असतो. प्रत्येक ठोक्याला मनगटातून रक्ताची लाट जाते, परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर मोजलं जातं. गंमत अशी, की निरोगी हृदय तबल्याच्या मशीनसारखं चालत नाही. मिनिटाला ६० ठोके म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक, असं नसतं. एखादा ठोका जरा घाईने पडतो, एखादा रेंगाळतो. आपण निवांत असलो की हा मागेपुढेपणा जास्त असतो, धास्तावलो की कमी होतो. घड्याळ तेवढंच बघतं आणि अंदाज बांधतं.

म्हणून जिना चढलात, कडक कॉफी प्यालात, अंगात ताप आहे किंवा रात्री झोप झाली नाही, तरी ते ‘ताण’ म्हणूनच ओरडतं. बॉस, होमलोन, बारावीतला मुलगा यांतलं त्याला काहीच ठाऊक नसतं. तो आकडा फार मनावर घेऊ नये. आकडा वाढला म्हणून टेन्शन येणारी आणि टेन्शन आलं म्हणून आकडा वाढणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत.

ताण वेगळा, चिंता वेगळी

ताणाला पत्ता असतो. उद्या परीक्षा आहे, बाबांचं ऑपरेशन आहे, महिनाअखेर हप्ता आहे. प्रसंग टळला की ताण सहसा ओसरतो. चिंतेला पत्ता लागत नाही. दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभं राहणं हा ताण. गॅस बंद करून, कुलूप लावून, गाडी कल्याणच्या पुढे गेल्यावरही ‘बंद केला होता ना मी?’ हे डोक्यात फिरत राहणं, ही चिंता.

दोन्ही थोड्या प्रमाणात सगळ्यांनाच असतात आणि उपयोगीही असतात. पण बहुतेक दिवस, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, आवरता न येणारी काळजी, तिच्यासोबत उडालेली झोप, आखडलेली मान, कशात न लागणारं लक्ष, असं सगळं एकत्र आलं की डॉक्टर त्याला चिंताविकार म्हणतात. तो आजार आहे, स्वभावदोष नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मांजरालाही शिट्टी मारणारा वॉचमन

आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. त्याला आपण सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन समजू. त्याचं काम धोका दिसला की शिट्टी मारणं. चोर की मांजर, ही चौकशी तो नंतर करतो. उशीर होण्यापेक्षा चुकीची शिट्टी परवडली, असं त्याचं साधं गणित आहे, आणि जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांसाठी ते बरोबरच होतं.

शिट्टी वाजली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कामाला लागतात. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, मागोमाग कॉर्टिसॉल. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, पचन मंदावतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. शरीर पळायला तयार होतं. पण आलेला असतो फक्त साहेबांचा मेसेज, ‘फोन करा, अर्जंट’, आणि आपण खुर्चीतच बसलेलो असतो. पळण्यासाठी केलेली सगळी तयारी मग अंगातच घुसमटते.

खरी पंचाईत यापुढे आहे. मेंदू शरीराला हुकूम देतो तसा शरीराकडून बातम्याही घेत असतो. छाती धडधडतेय, श्वास उथळ झालाय ही बातमी वर पोचते आणि मेंदू म्हणतो, म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे! पुन्हा शिट्टी. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं वाटतं, आणि माणूस आणखी घाबरतो. ‘हार्ट अटॅकच आला’ म्हणून रात्री कॅज्युअल्टीत गेलेल्या आणि ईसीजी नॉर्मल निघालेल्या कितीतरी जणांच्या बाबतीत हेच झालेलं असतं. (म्हणून छातीत दुखायला लागल्यावर ‘हे तर टेन्शन’ असं स्वतःच ठरवून प्राणायामाला बसायचं नाही. आधी डॉक्टर.)

शिट्टी थांबवणारी यंत्रणाही शरीरातच असते. मेंदूच्या बुंध्यापासून निघून हृदय, फुप्फुसं, पोट असं फिरत जाणारी व्हेगस नावाची एक लांबलचक नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) तिचं बरंचसं काम करते. ही नस हृदयाला सांगते, सावकाश. पोटाला सांगते, पचव आता निवांत. वर ‘निरोप’ म्हटलं तो बव्हंशी तिच्या तारेवरून जातो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ‘अहो, चोर नाहीये!’ असं कितीही ओरडलं तरी वॉचमन शिट्टी थांबवत नाही. कुणीतरी खाली जाऊन त्याच्यापाशी बसावं लागतं.

श्वासच का?

कारण तेवढी एकच दोरी आपल्या हातात आहे. हृदयाला ‘हळू चाल’ म्हणून ते ऐकत नाही, घामालाही थांबवता येत नाही. श्वास मात्र झोपेत आपोआप चालतो आणि जागेपणी आपलंही ऐकतो.

आत्ताच करून बघा. मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी शोधा. सावकाश श्वास घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना रेंगाळते. तरुणांमध्ये हा फरक जास्त जाणवतो, वयाबरोबर कमी होतो. श्वास घेताना व्हेगसची हृदयावरची पकड सैल होते, सोडताना घट्ट होते. उच्छ्वास लांबवला की हृदयाला सावकाश चालायला तेवढा जास्त वेळ मिळतो. जगभरच्या शांत करणाऱ्या श्वसनप्रकारांमध्ये ‘सोडणं लांब’ हा धागा सापडतो, तो यामुळेच.

दुसरी गोष्ट वेगाची. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो ६ वेळांवर आणला की एक वेगळीच गंमत होते. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये रक्तदाब ओळखणारे संवेदक असतात. गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटसारखं त्यांचं काम. दाब चढला की हृदय सावकाश, उतरला की जरा जोरात. या फ्लोटचा वरखाली होण्याचा एक स्वतःचा वेग आहे, साधारण १० सेकंदांना एक फेरी. श्वासही त्याच वेगाने चालू लागला की दोघांची लय जुळते. झोपाळा नेमका मागे आलेला असताना हलकासा धक्का द्यावा आणि तो उंच जावा, तसं.

२००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी कधी लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली, कधी ‘ॐ मणि पद्मे हुं’. दोन्हींमध्ये श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या, रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, वेग एकच.

हे वाचून मला आजीची माळ आठवली. तिचे श्वास मी कधी मोजले नाहीत. मोजायला गेले असते तर तिने माळच हाणली असती. कुणी विचारेल, मग नामाला काही अर्थच नाही का? उपकरण नाडी मोजतं, भाव मोजत नाही. अभ्यासातून एवढंच कळतं की संथ लयीत काही म्हणणं शरीरालाही मानवतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०२३चा प्रयोग आणखी घरगुती आहे. महिनाभर, रोज फक्त पाच मिनिटं. काहींनी ध्यान केलं, काहींनी वेगवेगळे श्वसनप्रकार. अस्वस्थता सगळ्याच गटांची कमी झाली. पण मनाची प्रसन्नता सर्वांत जास्त वाढली ती एका विशिष्ट प्रकाराने : नाकाने श्वास घ्यायचा, वर आणखी एक छोटा घोट घ्यायचा, आणि मग तोंडाने लांबलचक सोडून द्यायचा. म्हणजे आपला सुस्काराच की! तिन्हीसांजेला सुस्कारा सोडला म्हणून लहानपणी ओरडा खाल्लेल्या सर्वांना हा निकाल मी मोठ्या समाधानाने कळवते.

ध्यान म्हणजे डोकं रिकामं करणं नाही

मी पहिल्यांदा ध्यानाच्या वर्गाला गेले तेव्हा शिक्षक म्हणाले, “मन पूर्ण रिकामं करा.” पुढची वीस मिनिटं माझ्या मनात भाजीची यादी, एक जुनं भांडण आणि ‘मला हे जमत नाही’ एवढंच होतं. घरी आले ती जास्त वैतागून. बरेचजण इथेच सोडून देतात, आणि दोष त्यांचा नसतो.

विचार येणं हे मेंदूचं कामच आहे, लाळ सुटणं हे जसं तोंडाचं. ध्यानात करायचं असतं ते दुसरंच. रांगतं बाळ सतरंजीवर बसवलं की क्षणात ते फरशीवर जातं. आपण उठतो, उचलतो, परत सतरंजीवर ठेवतो. ओरडत नाही, कारण ते रांगणारच. लक्ष श्वासावर ठेवायचं, ते निसटणार, निसटलं हे ध्यानात येणार, परत आणायचं. ‘अरे, भरकटलो’ हे ज्या क्षणी कळतं तो क्षण म्हणजेच व्यायाम. वीस मिनिटांत पन्नास वेळा भरकटलात आणि पन्नास वेळा परत आलात, तर पन्नास बैठका मारून झाल्या.

चिंतेवर याचा उपयोग कसा? चिंतेत विचार आणि आपण एकजीव झालेलो असतो. ‘नोकरी जाईल’ हा विचार न वाटता बातमीच वाटते. विचार येताना-जाताना पाहण्याची सवय लागली की मध्ये बोटभर जागा तयार होते : ‘नोकरी जाईल, असा विचार आत्ता येतोय.’ संकट असेल तर ते संकटच राहतं, पण विचाराच्या प्रत्येक शिट्टीला धावत सुटायची गरज उरत नाही.

विपश्यना, नामस्मरण, त्राटक (एका बिंदूवर नजर रोखणं), सजगता (माइंडफुलनेस) असे प्रकार पुष्कळ आहेत. लक्ष कशावर ठेवायचं, एवढ्यावरून त्यांच्यात फरक पडतो. मात्र कधीच न बसलेल्या माणसाने थेट दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाणं म्हणजे पोहायला शिकण्याआधी पुराच्या नदीत उडी. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६पासून अशी शिबिरं होत आली आहेत आणि हजारोंना त्यांचा उपयोग झाला आहे; पण गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना तिथेही प्रवेशाआधीच सावध केलं जातं.

शवासन आणि केईएमची गोष्ट

योगाच्या वर्गात शेवटी शवासन आलं की निम्मे लोक चटई गुंडाळायला लागतात. ‘नुसतं पडायचं तर घरी जाऊन पडू.’ पण पंधराव्या शतकातल्या ‘हठयोगप्रदीपिके’त त्याची अख्खी व्याख्या आहे : ‘उत्तानं शववद्भूमौ शयनं तच्छवासनम्’, जमिनीवर मढ्यासारखं उताणं पडणं ते शवासन. फायदाही दिला आहे, ते थकवा घालवतं आणि चित्ताला विश्रांती देतं. अतिशयोक्तीने भरलेल्या त्या ग्रंथात हा दावा इतका माफक आहे, की मला तो आधीपासूनच विश्वासार्ह वाटत आला आहे.

तो तपासला गेला मुंबईत. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. रोज अर्धा तास. श्वास पोटाने, संथ. घेतल्यावर छोटा विराम, सोडल्यावर जरा मोठा. लक्ष नाकपुड्यांवर : आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी कोमट. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. आजच्या कसोटीला हा अभ्यास अपुरा ठरेल, कारण तुलनेसाठी शवासन न करणारा गट त्यात नव्हता.

म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. लंडनमध्ये दवाखाना चालवणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी शवासनाच्या धर्तीवरचं शिथिलीकरण आणि शरीरातले बदल लगेच ऐकवणारी उपकरणं यांची सांगड घातली. १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे पहिले निष्कर्ष आले. नंतर त्यांनी तुलनेचा गटही घेतला. त्या गटाला तेवढाच वेळ, तितक्याच वेळा, कोचावर नुसतं पडून राहायला सांगितलं. शिकलेल्यांचा रक्तदाब बराच उतरला, नुसतं पडणाऱ्यांचा फारसा नाही.

‘नुसतं पडायचं तर घरी पडू’ याचं उत्तर यात आलं. हे अभ्यास रक्तदाबाचे आहेत, चिंतेचे नाहीत. पण पडून राहणं आणि शरीर सैल सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांतून चांगलं दिसतं. सोफ्यावर मोबाइल घेऊन लोळताना जबडा घट्ट, खांदे कानाला आणि वॉचमन जागाच असतो.

लोड, तक्क्या आणि गोधडी

विश्रांतीची आसनं म्हणजे अंगाला ताण न देता, आधारावर शरीर ठेवून काही मिनिटं तसंच राहू देणं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्च्या, पट्टे, लोड, घोंगड्या अशा साधनांचा वापर करून आजारी आणि ताठर झालेल्या माणसांना आसनं करायला लावली. परदेशात आज महाग स्टुडिओंमध्ये जो ‘रिस्टोरेटिव्ह योग’ शिकवतात, त्याचं मूळ बरंचसं तिथलं आहे. आपल्या घरात ही साधनं भजनी मंडळाच्या कृपेने आधीच असतात.

पाठीखाली लांबट लोड, डोक्याखाली घडी घातलेली चादर, तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडलेले आणि त्यांखाली उशा : हे सुप्त बद्धकोणासन. कूस भिंतीला लावून बसायचं, वळून उताणं पडायचं आणि पाय भिंतीवर टेकवायचे : विपरीत करणीचा सोपा अवतार, दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी वरदान. पोटावर उशी धरून बालासनात वाकायचं. प्रत्येकी पाच ते दहा मिनिटं पुरे. कुठेही ताणल्यासारखं वाटलं तर आधार वाढवायचा, जोर नाही. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर पाय वर करण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं न पडता डाव्या कुशीवर.

शरीर ‘सोडा’ म्हटलं की ते सुटत नाही, ही नेहमीची तक्रार. तिच्यावर जुना उपाय आहे : आधी आवळा. मूठ पाच सेकंद घट्ट, मग एकदम सैल. तसंच खांदे, कपाळ, पोटऱ्या. घट्ट काय असतं ते कळल्याशिवाय सैल ओळखू येत नाही.

योगनिद्रा म्हणजे झोपच ना?

नाही, झोपेच्या उंबरठ्यावर बसून राहणं. अंग झोपलेलं, कान जागे. आज ध्वनिफितीवर जी योगनिद्रा ऐकायला मिळते तिची रचना बरीचशी मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांची. पूजेतल्या न्यासावरून त्यांना ती सुचली. न्यासात एकेका अवयवाला स्पर्श करत मंत्र म्हणतात. इथे मंत्र गाळून नुसतं लक्ष फिरवायचं. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, तळवा, मनगट...

दिवेलागणीला रामरक्षा म्हटलेल्या माणसाला हे परकं वाटायला नको. ‘शिरो मे राघवः पातु’पासून सुरू होऊन कपाळ, डोळे, कान, नाक असं करत ती पायांपर्यंत उतरतेच की. (आणि योगनिद्रा हा शब्द तर आषाढीला विठ्ठलभक्तांच्या घरी असतोच, देव चार महिने तिच्यातच असतात. आपण वीस मिनिटं मागतोय.)

मध्येच घोरायला लागलात तर अपराधी वाटून घेऊ नका. झोपेची थकबाकी असली की शरीर आधी ती वसूल करतं. रोजच तसं होत असेल तर योगनिद्रेची वेळ बदलण्यापेक्षा झोपायची वेळ बदला.

औषधाइतका गुण येतो का?

इथे उत्साही लोक आणि शंकेखोर लोक, दोघेही घाई करतात. २०१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा, एकूण ३,५१५ माणसांचा, एकत्रित आढावा आला. ध्यानाच्या कार्यक्रमांनी चिंता कमी होते, पण थोड्या ते मध्यम प्रमाणात. आणि व्यायाम, औषधं किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही.

२०२२मध्ये त्याहून धीट चाचणी झाली. चिंताविकाराचं निदान झालेले २७६ प्रौढ. निम्म्यांना आठ आठवड्यांचं सजगता ध्यानाचं प्रशिक्षण, निम्म्यांना एस्सिटालोप्राम हे नेहमीचं औषध. शेवटी दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा होती, आणि औषधाच्या गटात दुष्परिणाम बरेच जास्त. ही बातमी ‘गोळीऐवजी ध्यान’ अशा मथळ्यांनी गाजली. मथळ्यात न आलेला भाग असा, की ध्यानाच्या गटातल्या लोकांनी आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज ४५ मिनिटं सराव असा खुराक घेतला होता. बस येईपर्यंत मोबाइलवरचं अ‍ॅप लावलं, असं नव्हे.

योगाचंही तसंच. चिंताविकाराच्या २२६ रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १२ आठवड्यांनी कुंडलिनी योग करणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांना गुण आला, विचारांच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराने, म्हणजे सीबीटीने, ७१ टक्क्यांना आणि ताणाविषयी नुसती माहिती मिळालेल्यांपैकी ३३ टक्क्यांना. सहा महिन्यांनी पाहिलं तर सीबीटीचा फायदा टिकला होता, योगाचा ठळकपणे उरला नव्हता. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा योग चांगला, पण विकार असेल तर मानसोपचार पहिला आणि योग त्याच्या जोडीला. चालू गोळ्या योगाच्या भरवशावर स्वतःच बंद करणं तर फार धोक्याचं. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने कमी करायच्या असतात.

‘डोळे मिटले की मला जास्तच भीती वाटते’

असं होतं, आणि ते १९८०च्या दशकापासून नोंदलेलं आहे. सतत सावध राहायची सवय लागलेल्या माणसाला सैल सोडणं म्हणजे पहारा उठवणं वाटतं. काहींना हृदयाचे ठोके ऐकू यायला लागतात आणि तेच भयाचं कारण बनतं. ज्यांनी अपघात, हिंसा, अत्याचार सोसले आहेत त्यांना शांततेत जुन्या आठवणी गाठतात. अशा वेळी ‘तुमची साधना कमी पडते’ म्हणणारा शिक्षक बदला.

डोळे उघडे ठेवा. पडण्याऐवजी बसा, बसण्याऐवजी चाला आणि लक्ष श्वासावर न ठेवता तळपायांवर ठेवा : टाच टेकली, चवडा टेकला. किंवा भांडी घासताना पाण्याचा स्पर्श. दोन मिनिटं खूप झाली. भस्त्रिका, कपालभातीसारखे वेगवान प्रकार पॅनिक अटॅक येणाऱ्यांनी टाळावेत, कारण तिथे नेमकं तेच होतं जे वर मुंग्या आणि चक्करेबद्दल सांगितलं.

‘आणि ताणाचं कारण तसंच राहिलं तर?’

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. शवासनाने होमलोन फिटत नाही. बारा-बारा तास राबवून शुक्रवारी संध्याकाळी ‘वेलनेस सेशन’ ठेवणाऱ्या कंपनीत दुखणं कर्मचाऱ्याच्या श्वासात नसतं, कामाच्या तासांत असतं. पाऊस न झालेल्या शिवारात उभ्या माणसाला अनुलोम-विलोम सांगणं तर निर्दयपणाच.

तरी एक गोष्ट उरते. शिट्टी सतत वाजत असताना माणूस धड भांडूही शकत नाही, हिशोबही मांडू शकत नाही. बँकेत कर्जाची फेररचना मागायला जायचं असो की साहेबाला ‘नाही’ म्हणायचं असो, आदल्या रात्री झोप लागलेली बरी. एवढ्यापुरता उपयोग मला मान्य आहे.

सुरुवात करायची तर

रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, दोन महिने. पहिला आठवडा फक्त श्वास : चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. घुसमटल्यासारखं वाटलं तर तीन-चार करा. मग पडून शवासन किंवा ध्वनिफितीवर योगनिद्रा. बैठकीचं ध्यान सगळ्यांत शेवटी, कारण ते सगळ्यांत अवघड. घाबरल्यावर प्रथमच करायला घेऊ नका. बरं वाटत असताना सराव झालेला असेल तरच वेळेवर हाताशी येतो.

झोप, भूक, काम यांवर परिणाम व्हायला लागला असेल, दारूचा आधार लागत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर चटई बाजूला ठेवा आणि फोन उचला. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

माझं म्हणाल तर सकाळी आमच्या इमारतीचा पंप सुरू होतो तेव्हा मी पडते आणि टाकी भरून तो बंद झाला की उठते. अठरा-एक मिनिटं होतात. परवा फ्लोट बिघडला आणि टाकी वाहून गेली. त्या दिवशी चांगला पाऊण तास मिळाला.